सीनेवरचा पूल रुंद झाला त्याचं कारण

नातीला शाळेच्या प्रकल्पासाठी सीना नदीवरच्या पायी जायच्या पुलाचा इतिहास हवाय. "पूल नंतर रुंद का केला गं आजी?" म्हणाली. ते जगात मला एकटीलाच ठाऊक. लिहूनच देते.

तेव्हा मी नवी नवरी. नाकापर्यंत पदर आणि डोक्यात भुसा. पूल असा चिंचोळा की समोरून कुणी आलं तर कठड्याला चिकटायचं. पलीकडच्या शाळेत कारकुनाची जागा निघाली होती, अकराला माझी मुलाखत. नोकरी लागली तर शहरात राहायचं, नाहीतर गावाकडं म्हशींच्या सेवेत, असं सासूबाईंनी ठरवूनच टाकलेलं. निघताना बजावलं, "भावकीतलं कुणी भेटलं तर वाकल्याबिगर फुडं जायचं न्हाई."

पण पदराखालून मला फक्त पाय दिसायचे. भावकीचे कुठले, कसं कळणार? मी अक्कल चालवली. दिसतील त्या पायांना वाकायचं!

चौथ्या माणसानं आशीर्वादाला हात उचलला आणि त्याची सायकल पुलावर आडवी झाली. मागं गर्दी तुंबली.

"काय झालंय हो फुडं?"

"नवरी पाया पडतीय."

"कुनाच्या?"

"सगळ्यांच्या!"

"मग थांबा, आमच्या म्हातारीला आनतो."

दोन पाय मागं सरकले. "बाई, मी पोस्टमन हाय."

"असू द्या," म्हणत मी वाकले.

शेवटी सायकल ओलांडून कशीबशी निसटले, पदर मागं घेतला आणि धापा टाकत शाळा गाठली. साडेअकरा! पण मुलाखत घेणारे मुख्याध्यापकच आले नव्हते. बाराला आले, घामानं निथळत.

"पुलावर कुणी येडी बाई वाट अडवून बसली होती! तोंड दिसलं असतं तर सुनावलं असतं."

"लोकांना पोच नसतो, सर," मी म्हणाले.

सर खूश. अक्षर बघायचं म्हणून त्यांनी नगरपालिकेला पूल रुंद करण्याचा अर्जच मला लिहायला लावला. मी वळणदार अक्षरात लिहिलं, 'एका निर्बुद्ध स्त्रीमुळे नागरिकांचा खोळंबा झाला.'

"निर्बुद्ध! झकास शब्द," सर म्हणाले. "उद्यापासून या."

आनंदाच्या भरात मी त्यांच्या पायांशी वाकायला गेले. कमरेत अर्धी वाकले आणि भान आलं. मग खाली काही पडल्यासारखं शोधत तशीच दारापर्यंत गेले.