टेबलाच्या मधोमध डबा

कारखान्याच्या जेवणघरात मी शिरलो की आधी हसणं थांबतं, मग कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची पुसतं. विभागाचा प्रमुख झाल्यापासून हे रोजचंच. सावकाश बोलायचं, ताठ चालायचं, उत्तर देण्याआधी जरा थांबायचं, हे सगळं मी मेहनतीनं शिकलो. त्याचा उपयोगही झाला. माझा शब्द आता कुणी खाली पडू देत नाही.

पूर्वी याच टेबलावर माझा डबा उघडला की त्यात चार हात पडायचे. पहिला माझ्या शेजारच्या मशीनवरच्या दिगंबरचा. भरली वांगी असली तर मला नुसता रस्सा उरायचा आणि मी चिडायचो. बायको अजूनही चौघांना पुरतील एवढी वांगी देते. ती संध्याकाळी घरी परत येतात. "आवडत नाहीत का हल्ली त्यांना?" तिनं काल विचारलं.

वजन आलेल्या माणसाला लोक वाट करून देतात, आणि वाट करून द्यायची म्हणजे बाजूला व्हावंच लागतं.

आज मी डबा उघडून टेबलाच्या मधोमध सरकवला. दिगंबर लगबगीनं उठला.

"राहू द्या साहेब, तुमचं जेवण व्हायचंय," म्हणाला, आणि दोन्ही हातांनी, अदबीनं, तो डबा त्यानं परत माझ्यापुढे ठेवला.