तिसरं कडवं

त्या वर्षी माझी पोस्टिंग उत्तरेला, साडेपंधरा हजार फुटांवर होती. जागेचं नाव लिहीत नाही. कंपनी हेडक्वार्टरच्या बंकरमध्ये दहा लाइनचं टेलिफोन एक्सचेंज होतं आणि त्यावर माझी ड्यूटी. तेव्हा मी नायक होतो.

एक्सचेंज म्हणजे एक पेटी. प्रत्येक पोस्टच्या लाइनला एक छोटं शटर. पोस्टवरच्या माणसानं फोनचं हँडल फिरवलं की त्याचं शटर खट्‌कन पडायचं. मग मी प्लग घालायचा, कोण हवंय विचारायचं, जोडून द्यायचं आणि लॉगबुकात वेळ लिहायची. बझरसुद्धा होता, पण बॅटरी वाचवायला आम्ही तो बंद ठेवायचो. म्हणजे शटर पडलं की एकदाच वाजायचं, नंतर नुसतं पडलेलं दिसायचं. बाकी सगळं ऑपरेटरच्या डोळ्यांवर. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं एका शटरपाशी येऊन थांबतं.

हे आता लिहायचं कारण येमूल मास्तर. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे, रिटायर झाले आणि गाण्यांच्या मागे लागले. रविवारी सकाळी दहाला सोलापुरात त्यांच्या घरी आम्ही आठ-दहा जण जमतो. दर रविवारी एकानं आजवरची सर्वांत मोठी पाच गाणी निवडून आणायची, ती ऐकवायची आणि कारणं सांगायची. कारणांवरून भांडणं होतात. एका वकिलानं आणि एका कंपाउंडरनं एका गायिकेवरून दीड महिना अबोला धरला होता. दोघंही साठीच्या पुढचे.

माझी पाळी मी दोन वर्षं टाळली. शेवटी मास्तर घरी आले. मी कागदावर लिहिलेली यादी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा वर केला.

"हवालदारसाहेब, यातली चार गाणी कुठंच मिळणार नाहीत की. रेकॉर्डच नाही त्यांची."

"नाही."

"मग वाजवू काय मी?"

"काही वाजवू नका. मी सांगतो."

पाचव्या नंबरला आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीचं गाणं होतं. जयंतीला म्हणायचे. माझे वडील गिरणीत होते आणि पार्टीत पेटी वाजवायचे. पेटीची एक पट्टी मुकी होती. तो सूर आला की सगळी पार्टी तोंडानं तो भरून काढायची. आजही ते गाणं कुणी धड पेटीवर वाजवलं तर मला ते अपुरं वाटतं. चौथ्या नंबरला ट्रेनिंग सेंटरमध्ये पळताना आमचा उस्ताद म्हणायला लावायचा ते. त्यातले शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत, पण त्या गाण्यावर मी पायाला फोड असताना सोळा किलोमीटर पळालोय. तिसऱ्या नंबरला शिपाई इरण्णा बिराजदारचं कन्नड गाणं. इरण्णा अक्कलकोटचा. एकही शब्द मला कळायचा नाही. विचारलं तर म्हणायचा, "आमच्या आवाचं हाय. म्हस धार दीना तवा म्हनायची." आवा म्हणजे आई. म्हशीसाठीच्या गाण्यानं आमची अख्खी कंपनी शांत व्हायची. दुसऱ्या नंबरला मास्तरांच्या आग्रहाखातर एक सिनेमातलं. चांगलं आहे. सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे त्यावर काही बोलत नाही.

पहिल्या नंबरला लान्स नायक दत्ता सुर्वे, मोडनिंब. यादी टाळत होतो ती त्याच्यासाठी.

वरच्या पोस्टवर दिवस ठरलेला असायचा. पाचला उठणं, बर्फ वितळवून पाणी, सहाला लाइन चेक, मग वाटा मोकळ्या करणं. दुपारी चारला सगळ्या पोस्ट हेडक्वार्टरला रिपोर्ट द्यायच्या. रिपोर्ट संपला की लाइन रिकाम्या. तेव्हा मी सगळ्या पोस्टच्या लाइन एकत्र जोडायचो आणि कुणीतरी गायचं. दहा मिनिटं. आम्ही त्याला फर्माइश म्हणायचो. कुठल्याही नियमात हे बसत नव्हतं. कंपनी कमांडरना माहीत होतं आणि ते बरोबर त्याच वेळी बाहेर फेरी मारायला जायचे.

फक्त चार नंबर पोस्ट यात नसायची. तिथे सुभेदार मोहिते साहेब होते. त्यांना हा प्रकार बिलकुल मान्य नव्हता. "लाइन बोलायला असते, बनसोडे. तमाशाला नसते," असं त्यांनी मला दोनदा सुनावलं होतं. फर्माइश जरा लांबली की ते हँडल फिरवायचे, त्यांचं शटर पडायचं, मी प्लग घालायचो आणि शिव्या खायचो. त्यांचं शटर पडलं की शिव्या येणार, हे मला सवयीनं पाठ झालं होतं.

दत्ता आणि इरण्णा तीन नंबरवर होते. दोघांचीच पोस्ट, पंधरा दिवसांची पाळी. दत्ताचं एकच गाणं होतं, त्याच्या आईचं. दत्ताचा बाप ट्रक चालवायचा. गाडी टेंभुर्णीच्या नाक्यावरून पुढे गेली की महिना महिना यायची नाही. तेव्हा आईनं रचलेलं.

टेंभुर्णीच्या नाक्यावर उभा ऱ्हातो गं धुरळा,
माझ्या घरधन्यापायी जीव टांगनीला गेला.

अशी दोन कडवी. तिसरं होतं, पण ते त्याला आठवत नव्हतं. आई आजारपणात म्हणायची आणि त्या आजारातच ती गेली. दत्ता तेव्हा नऊ वर्षांचा, त्याची बहीण सुमन तीनची. दोन महिने, पाळी कुठल्याही पोस्टवर असो, तो रोज दोन कडवी म्हणून थांबायचा. रोज कुठल्या तरी पोस्टवरून कुणीतरी ओरडायचं, "आन्‌ तिसरं?" दत्ता म्हणायचा, "यील, यील. डोस्क्यात हाय, तोंडात येत न्हाय."

त्या दिवशी चारला रिपोर्ट झाले. दोन दिवस बर्फ पडून सकाळी ऊन पडलं होतं. मी लाइन जोडल्या. दत्ताचा आवाज आला.

"बनसोड्या, आठवलं."

"काय?"

"तिसरं कडवं. च्या करताना आठवलं बघ. समदं आठवलं."

सगळ्या लाइनवर आरडाओरडा झाला. मी म्हणालो, "पहिल्यापासून म्हण."

त्यानं पहिल्यापासून सुरू केलं. मी घड्याळ बघितलं नव्हतं, पण नंतर इतक्या वेळा हिशेब मांडलाय की मिनिटांत चूक नाही. सोळा बाराला, म्हणजे चार वाजून बारा मिनिटांनी, दुसरं कडवं संपत आलं आणि चार नंबरचं शटर पडलं.

मी बघितलं. माझा हात प्लगवर होता. मनात म्हणालो, म्हाताऱ्याला आजच घाई. शिव्या दोन मिनिटांनी खाऊ. दोन महिने ज्याची वाट बघितली ते कडवं ऐकायचं होतं मला. हात मागे घेतला.

दत्तानं तिसरं कडवं म्हटलं. त्याचा आवाज फार मोठा नव्हता. तारेवरून येताना तो आणखी बारीक व्हायचा. त्या दिवशी एकाही पोस्टवर कुणी खोकलंसुद्धा नाही. कडवं संपलं आणि मी प्लग घातला. सोळा चौदा.

"एक्सचेंज, जी साहेब."

मोहिते साहेब शिव्या देत नव्हते. "तीन नंबर दे. फ्लॅश."

फ्लॅश म्हणजे सगळ्यांत तातडीचा कॉल. मी जोडलं आणि ऐकत राहिलो.

"तीन नंबर, तुमच्या वरच्या उताराला भेग गेलीय. इकडून दिसतेय. बंकर सोडा. डावीकडच्या खडकामागं जा. आत्ता."

"जी साहेब." दत्ताचा आवाज. मग रिसीव्हर ठेवायच्या आधी, "इरण्णा, बूट घाल, बूट."

त्या थंडीत बंकरच्या आत बूट काढून, पाय सुके करून बसायचा हुकूम होता. दोघंही हुकुमाप्रमाणे बसले होते.

सोळा सोळाला बर्फाचा उतार कोसळल्याचा आवाज आला. आमच्या बंकरच्या छतावरची माती पडली. मी तीन नंबरचं हँडल फिरवलं. लाइन शाबूत असली की हँडल जरा जड लागतं. ते हलकं फिरलं. मी फिरवतच राहिलो. कंपनी कमांडरनी येऊन माझा हात धरेपर्यंत फिरवत होतो.

सर्च पार्टी सतरा वाजायच्या आत पोहोचली. अंधार पडायच्या आत दोघं सापडले. इरण्णा बंकरच्या तोंडाशी होता. खडक बंकरपासून पंधरा पावलांवर. दत्ता दहाव्या पावलाला होता. एका बुटाची नाडी बांधलेली, दुसऱ्याची नव्हती.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. लॉगबुक बघितलं गेलं. त्यात सोळा चौदा लिहिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. कॉल घेतल्याची वेळच लिहायची असते. मला विचारलं, "शटर पडल्यावर लगेच कॉल घेतला?"

"येस सर."

मग मोहिते साहेबांना विचारलं. त्यांनी दोन मिनिटं हँडल फिरवलं होतं, त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? ते म्हणाले, "एक्सचेंजनं कॉल लगेच घेतला."

बाहेर आल्यावर मी त्यांच्यासमोर सावधान उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हातमोजे चढवत एवढंच विचारलं, "पुरं झालं होतं का रे गाणं?"

"जी साहेब."

ते निघून गेले. पुढे वर्षभर आम्ही एकाच कंपनीत होतो. त्यांनी मला पुन्हा कधी शिवी दिली नाही. ती द्यावी म्हणून मी मुद्दाम चुका करून बघितल्या.

दत्ताचं सामान घेऊन मोडनिंबला मीच गेलो. सुमन दारात उभी होती. तिनं ट्रंक हातात घेतली आणि म्हणाली, "आता भाऊबीजेला कुणाला ववाळू मी?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मी येईन." तेव्हापासून दरवर्षी गेलो. सुटी मिळाली नाही तर पाटावर माझा फोटो ठेवायची. लग्न होऊन ती होटगीला आली, नवरा रेल्वेत. मी तिथे जायला लागलो. तिची पोरं मला मामा म्हणतात. दरवर्षी ती ताट बाजूला ठेवायची आणि म्हणायची, "दादा, त्याचं गानं सांगा की." मी दोन कडवी सांगायचो. ती तिला ठाऊकच होती, दत्तानं शिकवलेली. तिसऱ्याबद्दल मी कधी बोललो नाही. ते दत्ताला कधी आठवलं आणि मी कसं ऐकलं, हे सांगितल्याशिवाय ते देता येत नव्हतं. आणि हे सांगितलं की पाट गेला, मामा गेला, सगळं गेलं. मी तिचं कडवं इतकी वर्षं स्वतःजवळ ठेवलं, कारण मला ओवाळून घ्यायचं होतं. मी भित्रा माणूस आहे. छातीवरच्या मेडलनी फसू नये.

गेल्या श्रावणात डॉक्टरांनी सांगितलं की माझ्या मेंदूत एक गाठ आहे. हळूहळू शब्द जातील म्हणाले. आधी नावं, मग बाकीचं. तेव्हा मी यादी केली आणि रविवारी सुमनला मास्तरांकडे बोलावलं.

ती डब्यात शेंगाची चटणी घेऊन आली होती, सगळ्यांसाठी. पुढच्या खुर्चीवर बसली. मी पाच, चार, तीन सांगितली. मास्तरांनी दोन नंबरचं वाजवलं. मग मी उभा राहिलो आणि रिपोर्ट देतात तसं सांगितलं. वेळा सांगितल्या. शटर सांगितलं. वकील खाली बघत होते.

सुमननं विचारलं, "दोन मिनटं?"

"दोन मिनिटं."

"आन्‌ तो दगूड किती लांब ऱ्हायला व्हता?"

"पाच पावलं."

ती हिशेब करत होती. मी इतकी वर्षं केला तोच. मग म्हणाली, "म्हना."

"सुमन..."

"तिसरं म्हना."

मला गाता येत नाही. मी नुसतं बोललो.

लेकीला मी काय देऊ, न्हाय गाठीला गं सोनं,
तिच्या गळ्यात ठिवून जाते माझं उरलंसुरलं गानं.

"पुना," ती म्हणाली. मी पुन्हा म्हटलं. तिचे ओठ हलत होते. तिसऱ्यांदा मी सुरुवात केली तर तिनं हात वर केला. तिला पाठ झालं होतं. ती उठली, चपला घातल्या. डबा तिथेच राहिला. जिन्यावरून उतरताना ती हळू आवाजात गात होती, आणि चाल बरोबर दत्ताची होती. ती चाल मला तिला कधी सांगताच आली नसती.

भाऊबीजेला मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. होटगीहून फोन आला नाही. यायला हवा होता असं मी म्हणत नाही. दुपारी चारला शर्ट काढून ठेवला.

मास्तरांच्या वहीत प्रत्येक गाण्यापुढे गायक आणि कालावधी लिहायची पद्धत आहे. माझ्या पहिल्या गाण्यापुढची जागा कोरी होती. हातात अक्षर आहे तोवर मी ती भरली.

गायक : लान्स नायक दत्ता सुर्वे, मोडनिंब. सोबत शिपाई इरण्णा बिराजदार, अक्कलकोट. दोघंही त्याच दिवशी गेले. चार नंबरचा कॉल सोळा बाराला आला. ऑपरेटर बनसोडेनं तो सोळा चौदाला घेतला.