ज्याअर्थी आणि त्याअर्थी यांच्यामधला श्वास

तक्रार नसणे हा दोष नसल्याचा पुरावा ठरत नाही... एवढे एकच विधान मला येथे सिद्ध करायचे आहे. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले. परंतु या विधानाचा दाखला स्वतःच्याच छातीतून द्यावा लागेल, असे कधी वाटले नव्हते.

यंदा येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आम्ही नेहमीप्रमाणे मुरुमजवळच्या आमच्या शेतात जेवायला गेलो. आमची मुलगी शैलजा हैदराबादेत विमानांच्या इंजिनांची देखभाल करते. तिला सुट्टी क्वचित मिळते, या वेळी मात्र ती न कळवताच आली... सणासाठी आली, असे मी धरून चाललो.

कडब्याने उभारलेल्या कोपीत पूजा झाली, भज्जी-भाकरी झाली. आंबिलीचा पेला हातात घेऊन मी तिला माझा जुनाच प्रश्न विचारला. इंजिन उत्तम चालत असताना ते तपासायचे कशासाठी? दोष दिसेल तेव्हा उघडावे. त्याआधी उघडणे म्हणजे निष्कारण अविश्वास.

तिने शांतपणे समजावले. टर्बाइनमध्ये बारीक कॅमेरा सरकवून आतली पाती ठरल्या वेळी पाहतात. काही भाग तर नव्यासारखे दिसत असले, तरी ठरलेली उड्डाणे भरली की बदलतात. आणि दोन तपासण्यांच्या मधल्या काळातही, प्रत्येक उड्डाणाला इंजिनाचे तापमान नोंदले जाते...

"एकेका दिवसाचा आकडा बघितला तर कुठंच काही चुकलेलं नसतं, अप्पा. सगळे शेजारी ठेवले की चढ दिसतो."

हे पटण्यासारखे आहे, असे मी म्हणालो. त्यावर ती जे बोलली, त्याची मात्र माझी तयारी नव्हती.

"तुमचंही मी तेच करते."

शैलजा दर रविवारी फोन करते. जेवलात का, झोप लागते का, आणि शेवटी 'आज काय वाचलं'... प्रश्न ठरलेले. पहिल्या दोहोंना मी एका शब्दात वाटेला लावतो. तिसऱ्यावर मात्र सविस्तर बोलतो, शिक्षकाची खोड. मी मुद्दा मांडत होतो आणि ती वाक्याची लांबी ऐकत होती.

"पूर्वी तुम्ही ज्याअर्थीपासून त्याअर्थीपर्यंत एका दमात यायचा. गणपतीपासून मधे थांबताय. आधी जरासं... आता जास्त."

मी हरकत घेतली. विराम विचारासाठीही असू शकतो. केवळ विरामावरून दम लागल्याचे अनुमान निघत नाही. उत्तर डबे आवरणाऱ्या तिच्या आईने दिले.

"इचार-बिचार काही न्हाय. रस्त्यापासून कोपीपर्यंत येस्तोवर दोनदा थांबलेत, अन् म्हणत्यात ज्वारी बघतोय. इमानाला उघडून बघत्यात, ह्यांना डाक्टरम्होरं नुसतं सदऱ्याचं बटन उघडा म्हणलं तर पुरावा मागत्यात."

मायलेकी हसल्या. मग शैलजा हसता हसताच थांबली, आणि मान वळवून ज्वारीकडे पाहत राहिली... आम्ही दोघेही ज्वारीकडे कधी पाहतो, हे मला त्या वेळी समजले. माझी हरकत मी मागे घेतली.

दुसऱ्या दिवशी सोलापूरला गेलो. हृदयाची एक झडप अरुंद होत चालली आहे. शस्त्रक्रिया लागेल, परंतु वेळेत आलात, असे डॉक्टर म्हणाले. आणखी थांबला असता तर... त्यांनी वाक्य पूर्ण केले नाही, आणि आयुष्यात प्रथमच मला एखाद्या वाक्याचा उत्तरार्ध नको होता.

शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात आहे. शैलजा कामावर परतली आहे, आदल्या दिवशी येईल. काल रविवार होता. फोन आला, तिसऱ्या प्रश्नापर्यंत आलो. उत्तर देताना मधे दम लागला, आणि या वेळी मी तो लपवला नाही. तेवढा वेळ ती पलीकडे थांबली होती...

आता माझी चूक. ज्याअर्थी मुलगी दर रविवारी तेच ते विचारते, त्याअर्थी आपल्याला विचारण्यासारखे तिच्यापाशी काही उरलेले नाही, असे अनुमान मी मनोमन काढून ठेवले होते. ते सपशेल चुकीचे होते. मान्य.

— शैलजाचे अप्पा, मुरुम