जगाची काळजी आणि पालेगावची विहीर

जगाची काळजी करणाऱ्यांच्या पदरात काम कमी आणि किस्से जास्त पडतात. आम्ही चौघं दर रविवारी भेटतो. मला वाटलं होतं, यातून एखादी चळवळ उभी राहील. उभे राहिले ते किस्से! परवा एका मैत्रिणीने विचारलं, "तुमच्या ग्रुपने नक्की केलं काय?" मी सांगायला बसले आणि चहा दोनदा गरम करावा लागला. म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकू.

आधी माणसं सांगते. अंबरनाथ पूर्वेचे सबनीस काका कारखान्यात ऑफिसर होते. ते रिटायर झाले, पण बैठकीचं टिपण काढायची त्यांची सवय अजून ड्युटीवर आहे. विठ्ठलवाडीच्या प्रथमेशला जगातल्या सगळ्या वाईट बातम्या पाठ, आणि त्या पाठ असल्यामुळे झोप नाही. उल्हासनगरचा विकी सिंधी, वडिलांचं कपड्यांचं दुकान. मराठी फर्डं बोलतो, फक्त टेन्शन आलं की हिंदीत जातो. आणि मी बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातली. मला या तिघांचं काहीच पटत नाही.

*

पहिले काही महिने आम्ही सबनीस काकांच्या हॉलमध्ये बसून नुसते घाबरायचो. वितळणारा बर्फ, जळणारी जंगलं, युद्धं. प्रथमेश मोबाईलवरून वाचायचा, विकी "क्या होगा यार" म्हणायचा आणि काका लिहून घ्यायचे.

एका रविवारी विषय होता, जगातलं संपत चाललेलं पाणी. बोलता बोलता प्रथमेशचा आवाज कापायला लागला. आणि तेव्हाच खिडकीबाहेर बिल्डिंगची टाकी भरून वाहत होती! धो धो! पाऊण तास! शेवटी मी ओरडले, "अहो काका, पंप!"

काका चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "थांब गं, चर्चा मध्येच तोडू नकोस."

मी खाली जाऊन पंप बंद करून आले. त्या दिवसाच्या टिपणात शेवटची ओळ अशी आहे : 'पाण्याचा मुद्दा वेळेअभावी पुढील बैठकीत घेण्यात येईल.'

पंपाची नोंद नाही.

*

मग मी एक नियम केला. जगाची चिंता मांडणाऱ्याने त्याच आठवड्यात त्याच विषयातलं एक काम उचलायचं. आणि काम हवं शेअर रिक्षाने जाता येईल इतक्या जवळ!

पुढच्या रविवारी मीच विषय काढला.

"प्रथमेश, ब्राझीलची जंगलं काय म्हणतायत?"

"ठीक आहेत."

"ठीक आहेत म्हणजे?"

"म्हणजे... त्यांचे लोक आहेत ना तिकडे."

विकीने तर हातच जोडले. "मेरे को इस हफ्ते कोई टेन्शन नहीं है."

चार आठवडे जग अगदी सुखात होतं. पाचव्या रविवारी चहा पिता पिता प्रथमेश बोलून गेला, "आफ्रिकेत बायकांना पाण्यासाठी किती चालावं लागतं..." आणि जीभ चावली. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत होतो.

"नाही, मी आपलं सहज..."

"लिहिलं," काका म्हणाले.

*

प्रथमेशने कुरकुरत शोधलेलं काम म्हणजे पालेगावची विहीर.

पालेगावात आता शेतांपेक्षा टॉवर जास्त. त्यांतल्या एका टॉवरच्या कुंपणाला लागून ही दगडी, मोडक्या पायऱ्यांची विहीर आहे. टॉवरला पाणी टँकरने येतं. विहिरीवर कचऱ्याचा थर इतका जाड, की खाली पाणी आहे हे सांगावं लागतं. शेजारच्या घरातली जनाकाकी एका कोपऱ्यातून तेवढं बादलीने काढते. विहिरीला लागून तिचे चार वाफे आहेत, अळू, भेंडी आणि मोगरा. तिचं घर त्यावर चालतं.

आणि तिला नगरपालिकेची नोटीस आली होती. विहीर सार्वजनिक वापरात नाही, सबब रस्त्यासाठी बुजवण्यात येईल. दोन पाहण्या होतील, मग निर्णय. एकट्या बाईने भाजीला घेतलेलं पाणी हा सार्वजनिक वापर धरत नाहीत म्हणे!

"सासऱ्यानी खनली, नवऱ्यानी बांधली," काकी म्हणाली. "ती माझे देखत बुजवनार हायत."

हे ऐकून कुणीही बादली उचलली असती. प्रथमेशने मोबाईल काढला. "काकी, मुळात भूजलाची पातळी जगभरात..."

काकीने दोन मिनिटं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाला, जगभरातली पातळी मना नको. तू खाली उतरतंस का, ते सांग."

गावातल्या दोघांनी दोर धरला आणि प्रथमेश उतरला. सकाळभर थर्माकोल, निर्माल्य आणि बाटल्या वर पाठवत होता.

संध्याकाळी त्याच्या आईचा मला फोन. "अगं, काय केलंत माझ्या पोराला? दुपारी दोनला झोपलाय, अजून उठत नाहीये!"

*

पुढच्या रविवारी मोठी सफाई ठरली. कॉलेजची मुलं येणार होती. विकी म्हणाला, टी-शर्टांचं माझ्यावर सोडा.

तो टेम्पोतून ऐंशी टी-शर्ट घेऊन आला. छातीवर हिरव्या अक्षरांत 'प्लास्टिकमुक्त पालेगाव'. प्रत्येक टी-शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत! आत कॉलरला प्लास्टिकची पट्टी, बाहीला प्लास्टिकची क्लिप!

मी काही बोलायच्या आत विकीने थेट वडिलांना फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडून अंकल शांतपणे म्हणाले, "बेटा, खुला माल कौन पहनता है? फिनिशिंग भी कोई चीज होती है!"

मुलांनी पिशव्या फाडल्या, टी-शर्ट चढवले, सेल्फी काढले. तेवढ्यात वारा सुटला आणि निम्म्या पिशव्या विहिरीत.

त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही आमचाच कचरा काढत होतो. काकी काठावर बसून अळूच्या जुड्या बांधत होती. एवढंच म्हणाली, "आनलाव तेवढा तरी परत न्या."

*

तरी विहीर साफ झाली. खरंच झाली! आणखी तीन रविवार गेले, पण तळाचे दगड दिसायला लागले. विहीर बुजवू नये, अशा अर्जाच्या तीन प्रती सबनीस काकांनी तयार केल्या. अर्जातला 'विषय' लिहायला त्यांना दोन आठवडे लागले, ते मी सोडून देते.

कारण यानंतरचा मूर्खपणा माझा आहे.

विहीर पुन्हा घाण होऊ नये म्हणून मी चारही बाजूंनी दोरी बांधली. स्वतः रंग आणून बोर्ड रंगवला : 'ही विहीर आपला वारसा आहे. कृपया पाणी काढू नये.' अक्षर इतकं सुरेख आलं, की मीच चार फोटो काढले.

पहिल्या पाहणीला साहेब आले. विहिरीत डोकावले. बोर्ड वाचला. पुन्हा वाचला.

"हा कोणी लावला?"

"मी," मी अभिमानाने म्हणाले.

"छान आहे हो अक्षर." त्यांनी फोटो काढला. "म्हणजे विहीर वापरात नाही, हे तुम्हीच लिहून दिलंत. माझं काम सोपं केलंत."

मी बोलायला गेले. वारसा, जलसंवर्धन, पुढच्या पिढ्या. साहेब फाईल बंद करून म्हणाले, "मॅडम, नोटिशीत वारशाचा रकाना नाही. वापराचा आहे. मंगळवारी सकाळी दुसरी पाहणी. तेव्हा वापर दिसला तर वापर लिहीन, नाहीतर बुजवायचं लिहीन."

साहेब गेले. काकीने बोर्ड उपटला, दोरी सोडली. मी "सॉरी काकी" म्हणत तिच्या मागे मागे. ती थांबली, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "पोरी, तू कॉलेजात गेलतीस ना?"



*

मंगळवारी आम्ही चौघंही सकाळीच पालेगावला पोचलो. काकांकडे तीन प्रती. माझ्याकडे साहेबांसाठी पाठ केलेलं भाषण.

उतरून बघतो तर विहिरीपासून टॉवरच्या गेटपर्यंत रांग! गाऊनवर ओढणी घेतलेल्या बायका, बनियनवर आजोबा, ऑफिसची बॅग पाठीला लावून हातात बादली धरलेला एक जण. टॉवरचे सेक्रेटरी फोनवर ओरडत होते, "अहो, टँकर कुठाय? फोन का उचलत नाही तो?"

काठावर जनाकाकी उभी. "लायनीत या! दोन-दोन बादल्याच भेटतील! ए बाला, बघतंस काय, दोर वढ!"

प्रथमेश धावला. विकी रांग सांभाळायला लागला, "मॅडम, लाइन से, लाइन से!" काकांनी अर्ज बगलेत मारला आणि एका आजोबांची बादली उचलली. मी भाषण विसरून भरलेल्या बादल्या गेटपर्यंत पोचवत होते.

साहेब आले. विहिरीकडे जायला लागले तशी एका बाईने हटकलं, "ओ भाऊ, मध्ये कुठे घुसताय? मागून या!"

साहेब खरोखर मागे सरकले! तिथूनच त्यांनी रांग बघितली. मग काकीला विचारलं, "रोज असतं का असं?"

काकी दोर न सोडता म्हणाली, "तुमी रोज कुठं येताव साहेब बघाला?"

साहेबांनी फाईल उघडली आणि उभ्याउभ्याच लिहिलं. सबनीस काकांनी त्यांच्या खांद्यावरून वाचलं आणि बादली खाली ठेवून आम्हाला हळूच सांगितलं, "सार्वजनिक वापरात आहे. सही केली."

माझे हात प्रथमेशच्या दोराने सोललेल्या हातांइतके नाही, पण चांगलेच दुखत होते. पाणी मारावं म्हणून मी काकीच्या घरामागे गेले. तिथे आंब्याखाली टँकर उभा होता. भरलेला. नळीतून थेंब थेंब गळत होता. टँकरच्या सावलीत भरघोस मिशांचा ड्रायव्हर मांडी घालून जेवत बसला होता. शेजारी त्याचा मोबाईल उपडा ठेवलेला, थरथरत होता.

"अहो दादा," मी म्हणाले, "टॉवरवाले कधीपासून फोन करतायत तुम्हाला!"

त्याने भाकरीचा तुकडा मोडला, वाटीत बुडवला.

"मावशी बोलली, कालवन संपल्याबिगर उठायचा नाय." आणि टोप जवळ ओढून त्याने वाटी पुन्हा काठोकाठ भरून घेतली.