आत गेलं की दाराला चिकटलं?

आमच्या तिसऱ्या मजल्यावरची वाटाणाबाई नोकरी सोडून भाजी विकायला लागली, ही बातमी जिन्यात माझ्याआधी पोहोचली, याचं मला अजून वाईट वाटतं. बातमी खोटी निघाली, ते नंतरचं. बाई वाटाण्याच्या कोवळ्या रोपांचे ट्रे घेऊन जिना चढताना दिसली, आणि तिचं दुकान लोकांनीच थाटून दिलं. मी मात्र सरळ जाऊन बेल वाजवली.

तर वाटाण्यावर संशोधन करायची तिची नोकरी शाबूत होती. प्रयोगशाळेतली रोपं वाढवायची खोली बिघडली, म्हणून ट्रे घरी आले होते. पण नोकरीचा जीव टांगणीला लागला होता, हेही खरं. तिचा शोधनिबंध मासिकाने परत पाठवला होता. तिच्या भाषेत ‘दुरुस्तीसाठी’, माझ्या भाषेत वाटाण्याच्या अक्षता. महिनाअखेरपर्यंत पक्का पुरावा गेला नाही, तर नोकरीची मुदत वाढणार नव्हती.

“पण मासिकाशी भांडण कशावरून?” मी खुर्ची ओढून घेतली.

“काकू, पानाच्या पेशीत हिरव्या गोळ्या असतात, हरितलवकं. पानाचं अन्न तिथं बनतं. त्यांना लागणारी बहुतेक प्रथिनं मात्र बाहेर तयार होतात आणि मग आत जातात.”

“आणि बरोबर त्याच घरात कशी शिरतात?”

“पुढच्या टोकाला एक जादा तुकडा असतो, पत्त्यासारखा. दारावरचे रखवालदार तो ओळखतात आणि प्रथिनाला दोन भिंतींतून आत ओढतात. आत पोचलं की तो तुकडा छाटून टाकतात.”

“म्हणजे दारात चपला काढायच्या, तसं.”

“दारात नाही, घरात शिरल्यावर. पण चालेल.” तिने मला काठावर पास केलं. “मासिकाचे परीक्षक म्हणतात, माझं प्रथिन आत गेलंच नाही, बाहेर दाराला चिकटलंय.”

कोण नुसतं दारात घुटमळतं आणि कोण आत बसून चहा पितं, हा माझाही जिव्हाळ्याचा विषय. म्हणून उपाय विचारला. उपाय असा: प्रथिनं कुरतडणारं एक रसायन घालायचं. ते आत शिरू शकत नाही. दाराला चिकटलेलं सगळं ते फस्त करतं, आत गेलेलं तेवढं वाचतं. फक्त हरितलवकं अख्खी हवीत. म्हणून ही बाई भर उन्हाळ्यात स्वेटर घालून थंड खोलीत बसते, रोपं वाटते, ते पाणी यंत्रात गरगर फिरवते आणि तळाचा हिरवा गाळ रंगाच्या मऊ ब्रशने अलगद सोडवते. तिचा नवरा म्हणतो, “एवढ्या हळुवारपणे मला कधी उठवलं नाही.”

घोटाळा केला तिच्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या मावशींनी, आणि तोही मायेपोटी. संध्याकाळी रोपांवरचा दिवा बंद करा, असं सून बजावून गेली होती. पण इवलीशी रोपं अंधारात कशी ठेवायची? मावशींनी दिवा चालूच ठेवला, वर सकाळी ट्रे खिडकीत उन्हाला लावले.

“बघ, कशी बाळसं धरलीत!” त्यांनी कौतुकाने सुनेला दाखवलं. सून घाईत होती. मान डोलावून एक ट्रे उचलून गेली.

परतली ती चेहरा पाडून. उजेडात रोपांनी हरितलवकांत पोटभर पिठूळ साठा, म्हणजे स्टार्च, केला होता. यंत्र फिरलं आणि त्या पिठाच्या कणांनी खड्यांसारखं आतून टोचून हरितलवकं फाडली. भिंतीच नाहीत म्हटल्यावर रसायन आत घुसलं आणि सगळं खाऊन मोकळं झालं. उरलेली प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारं तिचं चित्र कोरं.

“मी काय वाईट केलं गं? खाऊपिऊच घातलं ना?” मावशी रडकुंडीला आल्या.

“हो आई. इतकं घातलंत की पोटं फुटली!” आणि मग सुनेलाच हसू आलं.

उरलेला ट्रे कपड्यांच्या कपाटात गेला. अंधारात रोपं साठा खाऊन संपवतात, म्हणे. पहाऱ्याला स्वतः मावशी. त्यांच्या मुलाने सकाळी मोज्यांसाठी कपाटाला हात लावला, तर त्याच्यावर अशा कडाडल्या की बिचारा बिनमोज्यांचा कामाला गेला.

या खेपेला हरितलवकं अख्खी राहिली. रसायनाने बाहेरचं सगळं चाटूनपुसून खाल्लं, तरी चित्रात एक ठसठशीत पट्टा उरला, आणि तोही मूळ प्रथिनापेक्षा जरा लहान. म्हणजे आत जाऊन, पत्ता छाटून घेऊन बसलेलं प्रथिन. महिनाअखेरीच्या आत पुरावा गेला, निबंध स्वीकारला गेला, मुदत वाढली. मावशींनी जिन्यात सगळ्यांना थांबवून सांगितलं, ते माझं काम असूनही.

मला राहवेना. म्हटलं, “एवढा जीव काढलास, तो कोण कुणाच्या घरात शिरलं हे सांगायला? हे मी फुकट सांगते.”

ती म्हणाली, “हो काकू, काम तेच. फक्त मला सिद्ध करावं लागतं.”