पालीत पाणी मागणारी रंजना

आमच्या अंबरनाथच्या विहारात पाली भाषा कानावर पडली नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि ती बोलणारा तर औषधालाही मिळायचा नाही. त्रिशरण, पंचशील सगळ्यांना तोंडपाठ. पण भूक लागलीय, पाय दुखतोय, एवढंसं पालीत सांगायचं म्हटलं की आमची दातखीळ बसते.

रंजना शेजवळला हेच खुपत होतं. स्टेशनजवळ तिचं पोळी-भाजी केंद्र आहे. पोरांची लग्नं उरकल्यावर बाईनं पालीत एम.ए. केलं आणि विहारात दर रविवारी पाली बोलायचा वर्ग काढला. आम्ही शेजारपाजारच्या बायका हौसेनं जाऊन बसलो.

पहिल्याच दिवशी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "उदकं देहि." पाणी दे, एवढंच. पण पाली ऐकली की आमचे हात आपोआप जोडले जातात. मी डोळे मिटले. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "साधु, साधु, साधु!" पाणी कुणीच दिलं नाही. शेवटी बाई स्वतःच उठून माठावर जाऊन प्यायली.

विहार समितीचे अध्यक्ष भीमराव वैतागले. "रंजनाताई, ही वंदनेची भाषा. हिच्यात काय कांदे-बटाटे मागायचे?"

"बुद्ध लोकांशी लोकांच्याच भाषेत बोलले ना, दादा? त्या लोकांना कांदे-बटाटे लागत नव्हते?"

"बटाटे नव्हते तेव्हा," भीमराव म्हणाले. "आश्विन पौर्णिमेपर्यंत कुणी बोलून दाखवलं तर ठीक. नाहीतर वर्ग बंद, हॉल अभ्यासिकेला देऊन टाकू."

रंजना हट्टालाच पेटली. "हात रिकामे आहेत म्हणून जोडले जातात," ती मला म्हणाली. "थांब, कामालाच लावते."

पुढच्या रविवारपासून पौर्णिमेपर्यंत वर्ग तिच्या केंद्रात. कुणी कणीक मळायची, कुणी भाजी चिरायची. लागेल ती वस्तू पालीत मागायची, मराठीत मागितली तर मिळणार नाही. मीठ 'लोणं', विस्तव 'अग्गि'. एकदा माझी पोळी करपून कोळसा झाली, तरी मला शब्द आठवेना म्हणून या बाईनं उलथनं दिलं नाही. मला इतका राग आला! काहीजणी तर यायच्याच बंद झाल्या. शेजारची सखूमावशी येत राहिली, पण सारखी कुरकुरत. "या वयात काय नसते धंदे लावलेस गं!"

आश्विन पौर्णिमेला विहाराच्या अंगणात भोजनदानाचा स्वयंपाक होता. भीमराव पांढऱ्या कपड्यांत येऊन उभे राहिले. "हं, बोला."

आम्हा सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले. काल पाठ केलेलंही आठवेना. रंजनाचा चेहरा पडला. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मग ठरल्याप्रमाणे—" भीमराव सुरू झाले. तेवढ्यात त्यांच्या पाठीमागून सखूमावशी आणि वर्गातलीच सोनिया उकळत्या आमटीचं पातेलं धरून आल्या.

"उण्हं! दूरे तिट्ठ!" मावशी खेकसली.

भीमराव टुणकन बाजूला झाले. पातेलं पुढे गेलं. मावशीनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिची बोटं भाजत होती, वर्गाचं काय होणार हे तेव्हा तिच्या गावीही नव्हतं.

रंजनाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"दादा," तिनं विचारलं, "मावशी काय म्हणाल्या?"

"गरम आहे, लांब हो म्हणाल्या," भीमराव सहज बोलून गेले, आणि मग स्वतःच हसायला लागले.