सगळ्यांनी तिच्यासारखं करा

माझ्या वर्गात चूक नावाची गोष्टच नाही, असं मी पालकांना छाती ठोकून सांगायचे. नागावला देवळामागच्या हॉलमध्ये शनिवार-रविवारी पाच वाजता चार ते सात वर्षांची सोळा मुलं यायची. ठरलेल्या स्टेप्स नाहीत, पाठ केलेली गाणी नाहीत. अंगाला सुचेल ते करायचं, आणि कुणाला काही नवीन सुचलं की बाकीच्यांनी लगेच त्याच्यासारखं करायचं, हा माझा नियम. वीस वर्षं मुंबईत हेच शिकवून आलेली बाई मी, मला कोण काय विचारणार! आणि विचारलंच तर मी चार शब्द जास्तच ऐकवणार. स्वभावाला औषध नसतं म्हणतात, तसली मी.

त्या सोळांतली एक पाच वर्षांची मुलगी जे करत होती तो नाच नव्हता. तो आजार होता. कळायला मला तीन महिने लागले, आणि ते तीन महिने ती पोर माझ्या भरवशावर होती.

वर्ग श्वासाने सुरू व्हायचा. पोटात फुगा आहे, भरा, सोडा, अजून जोरात, अजून भराभर! मुलं लालबुंद होईपर्यंत फुंकायची आणि मग मी ढोलकीवर थाप मारून त्यांना मोकळं सोडायचे. पुढे डॉक्टर म्हणाले, अशा मुलांना भराभर श्वास घ्यायला लावला की झटका येऊ शकतो. म्हणजे दर वेळी मीच तिला तिकडे ढकलत होते आणि वर टाळ्या वाजवत होते.

पहिल्यांदा झालं तेव्हा सगळी धावत होती आणि ती मधोमध थांबली. डोळे उघडे, पण ते कशाकडेच बघत नव्हते. उजव्या हाताची बोटं फ्रॉकची कड चुरगळत होती, ओठ हळूहळू हलत होते. पाच-सात सेकंद असतील. मग काहीच झालं नाही अशी ती पुन्हा धावायला लागली. मी तर हुरळूनच गेले. एवढ्याशा मुलीला इतकं शांत उभं राहणं सुचतं! "शाब्बास गं!" मी ओरडले. "बघितलंत? सगळ्यांनी तिच्यासारखं करा."

बाकीची पंधरा मुलं उघड्या, रिकाम्या डोळ्यांनी उभी राहिली आणि बोटांनी आपापले कपडे चुरगळू लागली. हॉलमध्ये पंख्याचा तेवढा आवाज. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि लाज वाटते सांगायला, मला तो काटा आवडला. त्या दिवशी फोन खिडकीत शूटिंगला लावलेलाच होता, तिचं थांबणं, माझं ओरडणं, सगळं त्यात आलं. त्यानंतर दर वर्गाला करत गेले, माझ्यापुरतं, पुढचं बसवायला उपयोगी पडेल म्हणून.

महिन्याभराने तिची आई मुलीला न्यायला आली ती जरा लवकरच आली. समुद्राकडच्या एका होमस्टेमध्ये ती पाहुण्यांचं जेवण करते. हाताला अजून खवलेल्या नारळाचा वास होता. मुलं चपला शोधत होती तेवढ्यात तिने मला बाजूला घेतलं.

"बाई, ही घरी पण अशी थांबते ओ. काल विहिरीवर माझ्यासंगती आलेली. कठड्याला हात लावून अशीच हुबी राहिली. हाका मारल्या तर वळून बघत न्हाय. सासूबाई म्हणतात, बाहेरचं कायतरी हाय, उतरवून टाकू. मी म्हटलं आधी अलिबागला डॉक्टरकडं दाखवते. सोमवारी सुट्टी पण मागितलीय."

बाहेरचं हा शब्द ऐकला आणि माझं डोकंच फिरलं. "अगं, काय वेड लागलंय का तुम्हाला? बाहेरचं नाही आणि डॉक्टरही नाही. तुझी मुलगी विचार करते. कल्पनेत रमते. तुम्ही दचकून हाका मारून तिची तंद्री मोडता. तिला तिची राहू दे जरा."

"म्हणजे काळजीचं न्हाय ना?"

"अजिबात नाही. नशीबवान आहेस."

तिचा चेहरा असा काही मोकळा झाला म्हणून सांगू! सोमवारची सुट्टी तिने घेतलीच नाही. सासूबाईंच्या उताऱ्याला मी नाक मुरडलं, पण माझं तरी वेगळं काय होतं? त्यांच्याकडे मिरच्या आणि मीठ होतं, माझ्याकडे कल्पनाशक्ती हा शब्द. आणि त्या बाईने माझ्यावर विश्वास ठेवला, कारण मी शिकलेली होते.

मग थांबणं वाढलं. वर्गात एकदा व्हायचं ते चारदा व्हायला लागलं. सांगितलेलं अर्धवट ऐकल्यासारखी ती भलत्याच दिशेला जायची, बोलता बोलता शब्द विसरायची. एकदा तिच्याच वयाची एक मुलगी माझा हात ओढत म्हणाली, "बाई, मी तिला चिमटा काढला. तिला लागलंच नाही."

मी बघितलं तर दंडावर लाल वळ उठलेला होता. आणि मी कुणाला ओरडले असेन? चिमटा काढणारीला. चांगली दहा मिनिटं कोपऱ्यात उभी केली तिला. आख्ख्या गावात खरं काय ते त्या एका पोरीने बघितलं होतं.

कार्यक्रम शाळेच्या पटांगणावर ठेवला, फळ्यांचं स्टेज बांधून, उजेड असतानाच. शेवटचा नाच मी तिच्या थांबण्यावरच बसवला होता. आधी सगळ्यांनी श्वास भरायचा, जोरजोरात, मग धावायचं आणि ती थांबली की सगळ्यांनी थांबायचं. तिला खूण करावी लागणार नाही, याची मला खात्री होती. कसली खात्री ती! आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

ती थांबली. पंधरा मुलं थांबली. पालक एकदम गप्प झाले, फोन वर झाले. मी मनात आकडे मोजत होते. सात झाले, दहा झाले, ती हलेना. मग तिची मान एका बाजूला वळली आणि ती उभ्याची आडवी झाली. डोकं फळीवर आपटल्याचा आवाज मी ऐकला. लगेच बाकीची पंधराही धपाधप पडली. तिचे हातपाय झटके द्यायला लागले, तर बाकीची पोरंही हातपाय झाडू लागली. मीच तर शिकवलं होतं.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्या टाळ्यांतून खुर्च्या पाडत एकच बाई धावत आली, तिची आई. मी तिच्यानंतर पोचले.

कुणाच्या तरी गाडीतून आम्ही अलिबागला गेलो. रस्ताभर मुलीचं डोकं आईच्या मांडीवर आणि पाय माझ्या. मी मनात देवाला काय वाट्टेल ते कबूल करत होते. मुलगी वाचली, हे इथेच सांगून टाकते. आता गोळ्या चालू आहेत, थांबणं जवळजवळ गेलंय.

पण त्या संध्याकाळी मुलीला सलाईन लावून डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. ती मध्येच थांबते असं आईने सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "तसं थांबताना कुणी व्हिडिओ काढलाय का?"

आई माझ्याकडे बघायला लागली. मी फोन काढला, सगळ्यात पहिला व्हिडिओ लावला आणि द्यायच्या आधी आवाज बंद केला.

डॉक्टरांनी तो दोनदा बघितला. मग त्यावरची तारीख बघितली आणि आईकडे वळले. "हा तीन महिन्यांपूर्वीचा आहे. अशाही फिट्स असतात. हिला दिवसातून कितीदा येत असतील! तुम्ही आई ना? एवढे दिवस काय करत होता?"

तिने पदराने तोंड पुसलं. माझ्याकडे एकदा बघितलं. रागाने नाही, नुसतं बघितलं.

"कळलं न्हाय ओ डॉक्टर," ती म्हणाली. "अडाणी हाव आमी. माझंच चुकलं."

डॉक्टर तिला आणखी बराच वेळ बोलत राहिले. ती मान खाली घालून हो हो म्हणत होती. मी तिच्या शेजारच्याच खुर्चीत बसले होते आणि मी एक शब्दही बोलले नाही.